बागेची माती, शेताची रीत

1990 च्या सुमारास महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि मुरमाड, चुनखडीच्या जमिनींवरही कलमे उभी राहिली. माती तपासायची रीत मात्र ज्वारी-गव्हाचीच राहिली. नमुना वरच्या पंधरा सेंटिमीटरमधून घ्यावा, झाडाखालची माती टाळावी, असे ती सांगते. धान्याच्या शेतात हे योग्यच. पण बागेत अन्न घेणारी मुळे झाडाच्या घेराखालीच असतात, ठिबक असेल तर ओलाव्याच्या पट्ट्यात. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेने सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश असे बारा घटक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवले, हे मोठेच काम. मात्र त्या बारांत मुक्त चुनखडी नाही, आणि विदर्भातल्या संत्र्याचे दुखणे बऱ्याचदा तिच्यातच असते. चुनखडीने सामू चढतो, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. शिरा हिरव्या आणि पान पिवळे दिसते. अशा वेळी युरिया वाढवून पैसा जातो, पिवळेपणा जात नाही.

द्राक्षबागायतदार यातून लवकर शिकले. क्षार सोसणारा डॉगरिज खुंट त्यांनी स्वीकारला आणि देठ परीक्षणाची सवय लावून घेतली: खरड छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने काडीच्या पाचव्या पानाचा देठ, गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. मातीत काय आहे यापेक्षा वेलीने काय उचलले, हे त्यातून कळते. मग माती तपासायचीच कशाला, असे कुणी विचारेल. देठ लोह कमी असल्याचे सांगतो, कारण सांगत नाही. चुनखडी, साचलेले पाणी की खरीच कमतरता, हे मातीच बोलते. द्राक्षाला निर्यातीचा पैसा आहे, संत्र्याला हे झेपत नाही, हा आक्षेप जास्त वजनदार वाटतो. पण हंगामी पीक पुढल्या वर्षी बदलता येते. चुनखडीत लावलेले झाड हलवता येत नाही, आणि चुकीच्या खताचा खर्च दरवर्षी होतो. प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, ही तक्रारही खरी आहे. म्हणूनच एकाच प्रयोगशाळेत, झाडाच्या त्याच अवस्थेत, वर्षानुवर्षे तपासणी करून कल पाहावा. सुट्या आकड्यावर खताचा डोस ठरवू नये. फळबागेसाठी वेगळी पत्रिका हवी: लागवडीआधी तीस, साठ, नव्वद सेंटिमीटरपर्यंतचे नमुने, मुक्त चुनखडीची नोंद आणि नंतर पानाच्या अहवालासाठी त्याच कागदावर जागा.