पावसाळ्यांतील निसरडी फरसबंदी

पुणें शहरांत वर्षास सरासरीनें सुमारें 28 इंच पाऊस होतो व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या दिवसांत घरापुढील चौक, विहिरीचा काठ व गोठ्यापुढील फरसबंदी बुळबुळीत होते. म्हातारें माणूस घसरून त्याचें खुब्याचें हाड मोडलें, तर तें पुष्कळदां कायमचें अंथरुणास खिळतें. गाभण गाय घसरल्यास तिचें व पोटांतील वासराचें नुकसान होतें.

हा दोष दगडाचा, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक मूळ दोष साचलेल्या पाण्याचा होय. जेथें पाणी वाहून जात नाहीं व ऊन पोहोंचत नाहीं, तेथें शेवाळ धरतें. शेणमूत्राचा ओघळ त्यास खतच होतो. म्हणून पहिला उपाय उताराचा. 5 फुटांस 1 इंच उतार पुरे. पन्हळीचें पाणी चौकांत न सोडतां परभारें मोरीस न्यावें व खचलेल्या फरश्या उचलून पुन्हां बसवाव्या.

दुसरा उपाय टाकीचा. पुण्याच्या जुन्या पेठांतील वाड्यांच्या चौकांत घडीव काळा दगड असे. तो कठीण असल्यामुळें टाकीचे घाव दीर्घकाळ टिकतात. आजच्या कर्नाटकांतील शहाबादेची फरशी मात्र चुनखडीची. ती मऊ असून वर्दळीनें गुळगुळीत होते. पाट्यास लावतात तशीच टाकी तिजवर, चालण्याच्या दिशेस आडवी, अर्धा सूत खोल, पाथरवटाकडून लावून घ्यावी. सिमेंटचा कोबा नवा करावयाचा असल्यास तो ओला असतांनाच खराट्यानें आडव्या रेघा ओढाव्या.

धरलेलें शेवाळ जाड वाळू व खराट्यानें घासून काढावें. तरीही राहिल्यास थोडी ब्लीचिंग पावडर पाण्यांत कालवून फरशीवर पसरावी, व अर्ध्या तासानें भरपूर पाण्यानें धुवावें. हें पाणी विहिरींत किंवा जनावरांच्या हौदांत जाऊं देऊं नये. शहाबादी फरशीवर ॲसिड कधींही ओतूं नये. त्यानें दगड खातो. ब्लीचिंग पावडरशीं त्याचा संयोग झाल्यास विषारी वायु निघतो, हें तर विशेष ध्यानांत ठेवावें.

दवाखान्याच्या खर्चाच्या मानानें पाथरवटाची मजुरी किरकोळच ठरते. तरी वैशाखांत एक दिवस चौकांत चार घागरी पाणी ओतावें, तें कोठें थांबतें तें पाहावें, तेथें खडूनें खूण करावी आणि मृगापूर्वीं तेवढी जागा तरी दुरुस्त करून घ्यावी.