प्रश्न विचारणाऱ्याने मागे फिरू नये

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आता जुने झाले. आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुलीही प्रोग्रामिंग शिकू लागली आहेत. घरात जाणकार कोणी नसले की ती इंटरनेटवर अनोळखी माणसांना प्रश्न विचारतात. पुष्कळदा मदत मिळते; परंतु कधी कधी "एवढेही कळत नाही काय?" असे तुसडे उत्तर येते. अशा एका उत्तराने खचून शिकणेच सोडून द्यावे, हे फार मोठे नुकसान होय. म्हणून या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम हा उद्धटपणा येतो कोठून ते पाहू. 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे संकेतस्थळ जेफ अॅटवूड व जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केले. तेथे उत्तरे देणारे विनामोबदला लिहितात. एका प्रश्नाचे चांगले उत्तर एकदा नोंदले जावे व ते पुढे सर्वांच्या उपयोगी पडावे, असा तेथील दंडक आहे. म्हणून तोच प्रश्न पुन्हा आला की जुन्या उत्तराकडे बोट दाखवून तो बंद करतात. नवख्याला हा अपमान वाटतो. वास्तविक ती केवळ कारकुनी कारवाई असते.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. अर्धवट भरलेली स्लिप दिवसभर पुढे येत राहिली म्हणजे माणूस का वैतागतो, हे आम्ही जाणतो. परंतु ग्राहक पहिल्यांदाच आलेला असतो, हेही तितकेच खरे. वैतागाचे कारण कळले म्हणून उद्धटपणा योग्य ठरत नाही.

हे त्या क्षेत्रातील लोकांनीही मान्य केले आहे. आपले स्थळ अनेकांना, विशेषतः नवख्यांना, परके वाटते, अशी कबुली स्टॅक ओव्हरफ्लोच्या चालकांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली व त्याच वर्षी नवी आचारसंहिता आणली. लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांनीही सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या तिखट पत्रांबद्दल माफी मागितली. त्यांची बोलणी खाणारे तर मुरलेले प्रोग्रामर होते! तेव्हा कठोर शब्दांवरून आपली कुवत ठरवू नये.

मग करावे काय? पहिली गोष्ट, रागाच्या भरात लगेच लिहू नये. उत्तरातील टोमणा व कामाची गोष्ट वेगळी करावी. समजा, पायथन शिकणाऱ्या मुलीने लिहिले, "माझा प्रोग्राम चालत नाही, मदत करा." उत्तर आले, "इनपुट काय देते ते तरी वाचा!" यातला 'तरी' सोडून द्यावा, 'इनपुट' घ्यावा. पायथन ३ मध्ये इनपुटने मिळालेले वय २० हा अंक नसून मजकूर असतो. त्यात १ मिळवायला गेले की चूक दाखवली जाते. 'इंट' वापरून त्याची संख्या केली की काम होते.

दुसरी गोष्ट, प्रश्न सुधारावा. काय लिहिले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने सांगावे. चुकीचा संदेश फोटो न देता अक्षरशः उतरवावा. प्रोग्राम लांबलचक असल्यास चूक दिसेल तेवढ्याच ओळी द्याव्यात. इंग्रजी साधे, लहान वाक्यांचे असले तरी चालते.

तिसरी गोष्ट, एकदाच व सभ्यपणे उत्तर द्यावे : "आभार. तो भाग वाचला. आता येथे अडले आहे." टोमण्याचा उल्लेखही नको. पुढे वाचणाऱ्या दहा जणांपैकी एखादा याच उत्तराकडे पाहून मदतीला येतो. मात्र कोणी व्यक्तिशः शिवीगाळ केली, तर वाद न घालता त्या स्थळाच्या व्यवस्थापकांकडे तक्रार करावी. सहन करणे म्हणजे सभ्यता नव्हे.

तरुण मित्रांनो, आज विचारणारा उद्या सांगणारा होतो. त्या दिवशी समोरच्या नवख्याला शांतपणे उत्तर द्या. तोपर्यंत विचारणे सोडू नका.