एका टाकीत कोणते मासे नांदतील?

घरच्या फिशटँकसाठी मासे निवडताना रंगाआधी चार गोष्टी पाहाव्यात : पाण्याचं तापमान, पाण्याचा जडपणा, माशाची पूर्ण वाढ आणि त्याचा स्वभाव.

गोल्डफिशला 18 ते 22 अंश सेल्सिअसचं थंड पाणी मानवतं, निऑन टेट्रा आणि एंजलला 24 ते 26 अंशांचं. म्हणून त्यांना एकत्र ठेवू नये. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना बोअरवेलचं जड पाणी सोसतं, निऑनला मऊ पाणी हवं. दुकानात नाण्याएवढा दिसणारा एंजल 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मग निऑनला गिळतो. टायगर बार्ब इतरांचे लांब पर कुरतडतो. दोन नर फायटर तर एकमेकांवर तुटून पडतात.

झेब्रा डॅनिओ आणि कोरीडोरस शांत, पण कळपाने राहणारे मासे. प्रत्येकी किमान सहा घ्यावेत. सुरुवातीला 80 लिटरच्या टाकीत वरच्या थरात झेब्रा, मध्ये तीन-चार प्लॅटी आणि तळाशी कोरीडोरस हा मेळ चांगला जमतो.

एखादा मासा जुळला नाही तर दुकानदाराला परत द्या. नदी-तलावात मात्र कधीही सोडू नका, तिथल्या स्थानिक माशांना त्याचा धोका असतो.