साळिंदराची दाढ कशी वाचावी

बऱ्हाणपूर जिल्ह्यातला खकनार तालुका मेळघाटाच्या शेजारचा. मराठी, हिंदी, कोरकू असं सगळं कानावर पडणाऱ्या या गावांत साळिंदर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मक्याची ताटं आडवी झाली, भुईमूग उकरला गेला, बांधावर काळा-पांढरा काटा पडलेला दिसला की रात्री कोण येऊन गेलं ते कळतं. पण काट्यावरून ओळख पटते ती आजच्या जनावराची. काटे केस-नखांच्याच द्रव्याचे असतात आणि मातीत कुजून जातात. मागे उरतात ते दात. म्हणून लाखो वर्षांपूर्वीची साळिंदरं अभ्यासकांना भेटतात ती बहुतेक वेळा दातांच्या आणि जबड्यांच्या रूपात, आणि त्यांची वर्गवारीही त्यांवरूनच करावी लागते.

ती कशी करतात, हे आपण क्रमाने पाहू. नाल्याच्या काठी एखादी कवटी, जबडा किंवा सुटी दाढ दिसली आहे, असं धरून चालू. सामान थोडंच लागतं: भिंग, मिलिमीटरची पट्टी आणि चांगला उजेड. एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की करावी. दाढेवरची नक्षी जनावराच्या वयाबरोबर बदलते. म्हणून आधी वय ठरवायचं आणि मग जात. हा क्रम उलटा झाला की चुका होतात, आणि जाणकारांच्याही झालेल्या आहेत.

सुरुवात पुढच्या दातांपासून करावी. साळिंदर हा कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी. उंदीर, घूस, खार यांच्या गणातला. वर दोन आणि खाली दोन असे पटाशीचे लांब दात, सुळे अजिबात नाहीत, मग बरीच मोकळी जागा आणि त्यामागे दाढा. ही मांडणी दिसली की कुत्रा, मांजर, माकड, डुक्कर हे सगळे बाजूला पडतात. ससा मात्र फसवतो. त्याची मांडणी वरवर अशीच दिसते, पण सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच असते आणि त्यांच्यामागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतात. साळिंदराचा पटाशीचा दात पुढून गुळगुळीत असतो आणि त्याच्यामागे काही नसतं.

या दातावर पुढच्याच बाजूला एनॅमल असतं. एनॅमल म्हणजे दाताचं सर्वांत कठीण आवरण. मागचा भाग दंतिनाचा, म्हणजे दाताच्या आतल्या तुलनेने मऊ द्रव्याचा. कुरतडताना मागचा भाग लवकर झिजतो, पुढची कड उरते आणि दाताला धार आपोआप लागत राहते. हे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून झीज त्यांना परवडते. साळिंदर वाळलेली हाडं बिळाशी नेऊन कुरतडतं. त्यातून त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं, शिवाय दातही झिजते राहतात. जंगलात रुंद, एकमेकांना समांतर चरे पडलेलं हाड सापडलं तर ते बहुधा याचंच काम. दक्षिण आफ्रिकेत सी. के. ब्रेन यांनी गुहांतल्या हाडांचा अभ्यास करताना या चऱ्यांकडे फार बारकाईने पाहिलं, कारण हाडांचा ढीग माणसाने जमवला की साळिंदराने, हे ठरवायला त्यांचा उपयोग होतो.

पटाशीचा दात सुटा मिळाला तर आपल्या भागात तो रानडुकराच्या सुळ्याशी गल्लत होण्याचा संभव असतो. दोन्ही वाकडे आणि लांब. दात आडवा धरून तुटलेल्या टोकाकडे पाहावं. नर डुकराचा खालचा सुळा तीन धारांचा, त्रिकोणी छेदाचा असतो आणि एनॅमल दोन बाजूंना असतं. साळिंदराच्या दातावर ते फक्त पुढे. फार वाकलेला दात वरच्या जबड्यातला, लांबट आणि कमी वाकलेला खालचा. पटाशीच्या दातावरून गण आणि साधारण आकार कळतो. जात ठरवण्याचा हट्ट इथे धरू नये.

आता दाढा मोजू. साळिंदराला जबड्याच्या प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, चार दाढा असतात: पुढची एक उपदाढ आणि मागच्या तीन खऱ्या दाढा. सगळे मिळून २० दात. उंदीर-घुशींना प्रत्येक बाजूला तीनच. आकाराचाही प्रश्न आहे. मोठ्या साळिंदराच्या चार दाढांची ओळ साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर भरते. घुशीची जेमतेम सेंटिमीटरभर. मोजताना दाढा गळून गेलेल्या असल्या तरी त्यांची भोकं मोजावीत, ती तेवढीच बोलकी असतात. कवटी असेल तर डोळ्याच्या खोबणीपुढचं मोठं भोकही पाहावं. त्यातून चावण्याचा एक स्नायू पुढे जातो. घुशीत ही जागा अरुंद असते.

दाढ हातात आली की चघळायचा पृष्ठभाग भिंगाखाली धरावा. एनॅमल कडेने आत वळलेलं दिसेल. या आत घुसलेल्या वळणांना आपण घड्या म्हणू. वरच्या दाढेत जिभेच्या बाजूने एक खोल घडी आणि गालाच्या बाजूने साधारण तीन. खालच्या दाढेत बरोबर उलट: गालाकडून एक, जिभेकडून तीन. सुटी दाढ वरची की खालची हे यावरूनच ठरतं. ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. वरच्या दाढेची तुलना खालच्या दाढेशी करून वेगळी जात सापडल्याचा आनंद मानणं ही नवशिक्याची सर्वांत साधी चूक.

आता वय. इथे थोडं थांबून पाहावं लागेल, कारण साळिंदराच्या दाढांचं खरं रहस्य झिजण्यात आहे.

नव्याने उगवलेल्या दाढेत घड्या कडेला उघड्या असतात. झीज होऊ लागली की उथळ घड्यांची तोंडं बंद होतात आणि त्यांची दंतिनाने वेढलेली एनॅमलची बेटं होतात. अजून झीज झाली की बेटं लहान होतात, एकेक करून नाहीशी होतात, आणि म्हाताऱ्या जनावरात कडेची एनॅमलची कडी आणि आत सपाट दंतिन एवढंच उरतं. कोबीचा गड्डा वर, मध्ये आणि बुडाशी आडवा कापला तर प्रत्येक कापाची नक्षी वेगळी दिसते. गड्डा एकच असतो. दाढेचंही तसंच. आपल्याला दिसते ती नक्षी म्हणजे दाढेचा त्या वयातला एक काप.

त्यात भर म्हणजे एकाच जबड्यातल्या दाढा एकाच वयाच्या नसतात. पहिली खरी दाढ आधी उगवते, म्हणून तीच सर्वांत जास्त झिजते. तिसरी सर्वांत मागाहून. आणि पुढची उपदाढ ही दुधाच्या दाताच्या जागी उशिरा येते. म्हणजे पहिली दाढ बेटांपर्यंत झिजलेली आणि तिच्या शेजारची उपदाढ ताजी, हे दृश्य अगदी नेहमीचं. या दोन दाढा जबड्यातून सुटून मातीत वेगवेगळ्या मिळाल्या तर त्या दोन जातींच्या वाटू शकतात.

दुधाची उपदाढ तर हमखास गोंधळ घालते. ती पक्क्या उपदाढेपेक्षा बुटकी असते, एनॅमल पातळ असतं, आणि खालच्या जबड्यात ती लांबट, पुढे निमुळती असते. तिची मुळं पसरट असतात, कारण खालून पक्का दात येत असतो. लांबट, बुटकी, पातळ एनॅमलची दाढ मिळाली की आधी पिल्लाचा विचार करावा, नव्या जातीचा नंतर.

वय ठरलं की मग उंचीचा प्रश्न येतो. दाढेचा मुळांच्या वरचा भाग, ज्याला आपण माथा म्हणू, किती उंच आहे? उंच माथ्याच्या दाढेला हिप्सोडाँट आणि बुटक्या माथ्याच्या दाढेला ब्रॅकिडाँट म्हणतात. साळिंदराच्या दाढांना शेवटी मुळं फुटतात आणि वाढ थांबते, पटाशीच्या दातांसारखी ती कायम चालत नाही. म्हणून माथा जितका उंच, तितकी दाढ पुरते. मोजायची रीत अशी: न झिजलेल्या दाढेची उंची घ्यावी आणि तिला पुढून-मागे मोजलेल्या लांबीने भागावं. आलेल्या आकड्यावरून लहान-मोठ्या जनावरांच्या दाढांची तुलना करता येते. अर्धी झिजलेली दाढ मोजून हा आकडा काढला तर उंच माथ्याचं साळिंदर बुटक्या माथ्याचं ठरतं. ही चूक टाळण्याचा एकच मार्ग: आकड्याशेजारी झिजेची अवस्था लिहायची.

या एका मापाने साळिंदरांचा बराच इतिहास उलगडला आहे. अथेन्सजवळच्या पिकेर्मी इथे सापडलेलं, १८४८ मध्ये वाग्नर यांनी वर्णन केलेलं हिस्ट्रिक्स प्रिमिजेनिया हे मायोसीन काळाच्या उत्तरार्धातलं, म्हणजे आजपासून काही दशलक्ष वर्षांपूर्वीचं. अंगाने मोठं, पण दाढा बुटक्या माथ्याच्या. त्यानंतरचं युरोपातलं हिस्ट्रिक्स रेफोसाही आकाराने मोठंच, पण त्याच्या दाढांचा माथा उंच झालेला. आपल्या शेतात येणारं भारतीय साळिंदर, शास्त्रीय नाव हिस्ट्रिक्स इंडिका, हेही उंच माथ्याच्या गटातलं. मातीसकट कंदमुळं आणि धुळीने माखलेलं खाद्य खाणाऱ्या जनावराला लवकर न संपणारी दाढ उपयोगी पडते, असा त्याचा अर्थ लावला जातो. ॲमस्टरडॅमचे डी. जे. व्हान वीर्स यांनी १९९० मध्ये साळिंदराच्या दाढांच्या नक्षीचा झिजेच्या अवस्थांनुसार अभ्यास केला आणि २००५ मध्ये युरोप-आशियातल्या हिमयुगीन जातींची फेरतपासणी केली. या विषयात ते काम पायाभूत आहे.

भारतीय उपखंडातलाच पुरावा पाहायचा तर दोन ठिकाणं महत्त्वाची. एक म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचे शिवालिक थर. तिथल्या दातांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७८ मध्ये हिस्ट्रिक्स सिवॅलेन्सिस आणि एडविन कोल्बर्ट यांनी १९३३ मध्ये सिवाकॅन्थिऑन ही नावं दिली. दुसरं ठिकाण आंध्रातल्या कर्नूलच्या बिल्लासुर्गम गुहा. रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या देखरेखीखाली १८८४ पासून तिथे खोदकाम झालं. मिळालेली बहुतेक हाडं आजही जिवंत असलेल्या जातींची निघाली, पण साळिंदराच्या जाडसर दातांवरून लायडेकर यांनी १८८६ मध्ये हिस्ट्रिक्स क्रॅसिडेन्स ही नामशेष जात वेगळी काढली. अशी नावं वाचताना आपण नेहमी विचारावं: किती दात होते, आणि किती झिजलेले?

अमेरिकेतली काटेरी साळिंदरं वेगळ्याच कुळातली आहेत, एरेथिझॉन्टिडी नावाच्या. काटे दोन्ही कुळांत स्वतंत्रपणे आले. तिथेही बराच काळ सुट्या दातांवर आणि जबड्यांवर वाद चालला होता. फ्लोरिडात सापडलेल्या एरेथिझॉन पॉयेरी या सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या साळिंदराच्या जवळजवळ पूर्ण सांगाड्याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची शेपूट लांब, फांदी पकडता येईल अशी होती आणि आजच्या उत्तर अमेरिकी साळिंदरासारखा झाडाची साल सोलणारा भक्कम जबडा त्याला नव्हता. शेपटीबद्दल दाढ काही सांगू शकत नाही, एवढी मर्यादा दातांचा अभ्यास करणाऱ्याने मान्य केलीच पाहिजे.

आता पुन्हा खकनारला येऊ. आजच्या दाढेसाठी इथे जातीचा प्रश्न सोपा आहे. भारतात हिस्ट्रिक्स इंडिकाशिवाय हिस्ट्रिक्स ब्रॅक्युरा आणि लांब शेपटीचं, बुटक्या दाढांचं अथेरुरस आढळतं, पण ती ईशान्येकडची. सातपुड्यात इंडिकाच. मात्र नुसत्या दाढेवरून इंडिकाला आफ्रिकेतल्या तुऱ्याच्या साळिंदरापासून वेगळं काढायला जाऊ नये. त्यासाठी कवटी, विशेषतः नाकाची हाडं लागतात.

दाढ जुनी वाटत असेल तर ती कुठल्या थरातून आली ते पाहावं. आपल्या डोंगरांचा काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, त्या काळी साळिंदरं नव्हतीच. त्या खडकात ती शोधू नये. नदी-नाल्यांकाठचे गाळाचे थर मात्र तपासण्यासारखे. नर्मदेच्या अशाच थरांतून हिमयुगीन हत्ती, पाणघोडे आणि गुरांचे अवशेष मिळाले आहेत.

आणि इथेच एक मोठा सापळा आहे. साळिंदर स्वतःच गाळाच्या दरडीत खोल बीळ करतं आणि त्यात मरतंही. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या थरात कालचा दात सापडू शकतो. रंगावर विसंबू नये, काळ्या मातीत ताजा दातही काळवंडतो. दाताभोवतीची माती बाजूच्या थरासारखीच घट्ट आहे की भुसभुशीत आणि मिसळलेली, ते पाहावं. भुसभुशीत असेल तर ते जुनं बीळ समजावं.

दाढ जागेवर असतानाच पट्टी शेजारी ठेवून चार फोटो काढावेत: चघळायचा पृष्ठभाग सरळ वरून, गालाची बाजू, जिभेची बाजू आणि पूर्ण दरड. दाढ खिशात घालू नये. साळिंदर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे ताज्या अवशेषांची माहिती वनविभागाला द्यावी. दगडासारखी जड, खनिज भरलेली दाढ थरात रुतलेली दिसली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवावं; जी. एल. बदाम यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिथूनच भारतातल्या हिमयुगीन प्राण्यांवर काम केलं आहे. फोटोबरोबर चिठ्ठीत गाव, नाला, दरडीच्या वरच्या कडेपासूनची खोली, वरची दाढ की खालची, आणि झीज कुठवर आली आहे एवढं लिहावं. जात नक्की नसेल तर ‘हिस्ट्रिक्स, जात अनिश्चित’ असं लिहिणं पूर्ण शास्त्रीय आहे, आणि संग्रहालयांतल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर तेवढंच लिहिलेलं असतं.