साध्या सर्दीने दमा का उसळतो?



"पावसात भिजली म्हणून दमा उसळला," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. भिजणं हे निमित्त. बऱ्याचदा खरं कारण घरात आधीच आलेलं असतं. नातवाच्या शेंबडातला विषाणू आजीच्या छातीत उतरतो.

धडधाकट माणसाची सर्दी आठवड्याभरात जाते. पण वर्षानुवर्षं चुलीवर रांधलेल्या बाया, बिडी ओढणारे, बांधकामावर धुळीत राबलेले, पूर्वी टीबी होऊन गेलेले, यांच्यापैकी अनेकांच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद असतात. विषाणूने सूज वाढते, कफ साचतो, त्यात पुढे जिवाणूही वाढू शकतात. सीओपीडी या आजाराचे झटके पुष्कळदा असेच येतात. मोठ्या झटक्यानंतर काहींचा दम पहिल्यासारखा परत येतच नाही. नळावरून हंडा आणणारी बाई ओट्यावर बसून राहते, आणि घरचे म्हणतात, "वय झालं."

हा आजार फक्त बिडीवाल्यांचा नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवरच लिहिलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून फ्लूची लस दर वर्षी पावसाआधी घ्यायची असते. बाजारात ती महाग पडते. सरकारी दवाखान्यात आधी विचारा, विचारायला लाजू नका.

हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत पावसाळा म्हणजे ओल्या भिंती, बंद खिडक्या, एका खोलीत पाच-सहा माणसं आणि रात्रभर जळणारी मच्छर कॉइल. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. दम्याचा माणूस घरात असेल तर वंदनेला फुलं आणि मेणबत्ती पुरे, अगरबत्ती नको. सर्दी झालेल्याने तोंडाला रुमाल बांधावा, आजीच्या शेजारी झोपू नये.

पंपाची सवय लागते, हा गैरसमज अजून जात नाही. बरं वाटलं म्हणून पंप बंद केलेले पेशंटच सर्दीत जास्त अडकतात. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर झाले, माणूस गुंगीत जातोय, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, पेशंटला बसतं ठेवा, आडवं करू नका. पंप आणि जुने कागद सोबत घ्या.