उंदराच्या कवटीतील रंध्रे

पाटस परिसरातील उसाच्या शेतांमुळे उंदीर, घूस हे कृंतक प्राणी मुलांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या कवटीवरील छिद्रे म्हणजे मोडतोड नव्हे. त्या निसर्गाने राखलेल्या वाटा होत. मागील महारंध्रातून मज्जारज्जू मेंदूस मिळतो. डोळ्याच्या खोबणीपुढील रंध्रातून मिशांकडे मज्जातंतू जातो. उंदरात हे रंध्र वर रुंद व खाली चिंचोळे असते. वरच्या भागातून चर्वणस्नायूचा एक भाग जातो, खालून मज्जातंतू. खारीत ते इतके लहान असते की स्नायूस वाट नाही. साळिंदरात मात्र ते फार मोठे असून त्यातून जाड स्नायू जातो. यावरून कृंतकांचे गट ओळखता येतात. त्यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात व कुरतडल्याने झिजतात; त्या कुरतडण्यास बळ देतात ते हेच स्नायू.

गव्हाणी घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली त्याने ओकलेल्या गोळ्या पडतात. त्यांत अशा कवट्या मिळतात. मेलेल्या उंदरास मुलांना हात लावू देऊ नये; गोळ्याही शिक्षकांनी हातमोजे घालून, जंतुनाशकात भिजवून मगच उकलाव्यात व नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. घुबड अशुभ नसून पिकाचा राखणदार आहे, हे त्या कवट्या मोजतानाच मुलांस पटेल.