केडगावची ‘मुक्ती’

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. पण त्यांच्या मनाची पकड घेतली ती कुठल्या प्रवचनाने नव्हे. लंडनच्या फुलहॅममध्ये ख्रिस्ती जोगिणी ‘वाट चुकलेल्या’ बायकांची सेवा करतात, हे पाहून त्या थक्क झाल्या. अशा बायकांना आपल्याकडे दारातसुद्धा कुणी उभं करत नसे!

1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली, विधवा त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. कपड्यांपासून औषधपाण्यापर्यंत सगळंच आलं. पुढे तिथल्या ‘मुक्ती’ संस्थेत शेती, दूधदुभतं, विणकाम, तेलघाणा उभा राहिला. छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच. अंध मुलींना ब्रेल शिकवायच्या रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघालं; फुलहॅमचा धागा इथे सरळ दिसतो.

धर्मांतरावरून पुण्यात टीकेची झोड उठली. तो वाद खराच होता. पण टीकाकारांपैकी किती जण दुष्काळी भागात उतरले, हेही विचारायला हवं.

रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. संस्था केडगावात आजही चालू आहे.